‘सिस्टेमिक’ औषध म्हणजे नेमकं काय? द्राक्ष बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, सुरू झाली की निफाड तालुक्यातल्या आमच्या दुकानात दिवसभर एकच मागणी चालते: “दादा, सिस्टेमिक द्या.” कशावर मारायचं, बाग किती दिवसांची झाली, मागची फवारणी कशाची होती, हे सगळं मी विचारल्यावर निघतं. मुळात हा शब्द औषध झाडात कुठे जातं एवढंच सांगतो. बागेत मात्र त्याचा अर्थ ‘भारी औषध’ असा होऊन बसला आहे, आणि त्यापायी पैसा जातो, कधी घडही जातात. पिंपळगाव, दिंडोरी, चांदवड, सटाण्याकडून पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रमाण मुद्दाम दिलेलं नाही. ते लेबलावरचंच धरा.

१. सिस्टेमिक म्हणजे काय? एका वाक्यात सांगा.

फवारलेल्या किंवा मुळाशी दिलेल्या जागेवरून जे औषध झाडाच्या आत शिरतं आणि आतल्या पाण्याबरोबर किंवा रसाबरोबर दुसऱ्या भागात पोहोचतं, ते सिस्टेमिक. मराठी लेबलांवर आणि कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत याला ‘आंतरप्रवाही’ म्हणतात. शब्द चोख आहे, फक्त किती दूर वाहतं आणि कुठल्या दिशेने, ते त्यातून कळत नाही. तो घोळ प्रश्न ५ मध्ये सोडवला आहे.

२. मग कॉन्टॅक्ट औषध कशाला म्हणायचं?

पडलं तिथेच थांबतं ते कॉन्टॅक्ट, म्हणजे स्पर्शजन्य. मॅन्कोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराईड, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) ही रोजची उदाहरणं. गजकर्णावर मलम लावतो तसं हे काम. सिस्टेमिक म्हणजे त्याच गजकर्णावर घेतलेली गोळी. मलम जिथे लावलं तिथेच लागू पडतं. त्यामुळे कॉन्टॅक्ट औषध रोग पानात शिरायच्या आधी पानावर असायला हवं; बुरशी आत गेल्यावर वरून मारलेलं मॅन्कोझेब तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

गंधकाचा एक अपवाद लक्षात ठेवा. ते कॉन्टॅक्टच आहे, पानात शिरत नाही, पण उन्हात त्याची वाफ होते आणि थेंब न पडलेल्या जागी थोडंफार काम करते. म्हणून थंडीत गंधक मंद वाटतं. आणि कडक उन्हात तेच पान भाजतं.

३. सिस्टेमिक आणि सिस्टीमॅटिक एकच ना?

नाही. सिस्टीमॅटिक म्हणजे पद्धतशीर, टापटिपीने केलेलं. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांत दर हंगामात ‘सिस्टीमॅटिक बुरशीनाशक’ लिहिलेलं असतंच. दुकानदाराला कळतं, द्यायचं तेच दिलं जातं, त्यामुळे कुणी दुरुस्त करत नाही. लक्षात ठेवायचं तर असं: फवारणी सिस्टीमॅटिक असावी, औषध सिस्टेमिक असतं.

४. सिस्टेमिक म्हणजे जास्त पॉवरफुल, बरोबर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर नाही असंच आहे. मेटॅलॅक्झिल हे डाऊनी या रोगावर उत्तम आंतरप्रवाही औषध आहे, पण भुरी या दुसऱ्या रोगावर त्याचा परिणाम शून्य. झाडभर फिरेल आणि भुरीला हातही लावणार नाही. कारण डाऊनीचा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातलाच नाही. तो शेवाळाच्या जवळचा. याउलट हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिलसारखे ट्रायझोल भुरीवर चालतात आणि डाऊनीला त्यांचं काही वाटत नाही. दोन्ही गट सिस्टेमिकच.

म्हणून आधी रोग ओळखा. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खालून पांढरी लव असेल तर डाऊनी. पानावर किंवा मण्यावर राख भुरभुरल्यासारखी पावडर दिसली तर भुरी. सिस्टेमिक की कॉन्टॅक्ट हा विचार त्यानंतरचा.

५. एकदा मारलं की मुळापासून शेंड्यापर्यंत सगळीकडे जातं ना?

घरी करून बघा. पांढऱ्या शेवंतीचा देठ तिरका कापा आणि निळ्या शाईच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाकळ्यांत निळ्या शिरा दिसतात आणि रंग टोकांना जास्त साचलेला असतो. आता दुसरं फूल साध्या पाण्यात ठेवा आणि शाईचा थेंब पाकळीवर टाका. थेंब तिथेच सुकेल, देठात उतरणार नाही.

बहुतेक सिस्टेमिक बुरशीनाशकं पहिल्या फुलासारखी चालतात. पान बाष्प सोडतं, त्या ओढीने मुळाकडून पाणी वर चढतं, आणि औषध त्या पाण्यावर बसून वर जातं. वर आणि कडेला, एवढीच त्याची वाट. पानाच्या देठाजवळ पडलेला थेंब पानाच्या कडेकडे सरकतो. कडेला पडलेला थेंब देठाकडे परत येत नाही. एका पानावरचं औषध शेजारच्या पानात जात नाही, वरच्या पानावरचं खालच्या घडात येत नाही, ओलांड्यात (वेलीच्या आडव्या खोडात) आणि मुळात तर नाहीच.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘सिस्टेमिकच आहे, झाड घेईल ओढून’ म्हणत ब्लोअर पळवत नेणं चूक आहे. पाणी कमी, ट्रॅक्टर दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये आणि पानाची खालची बाजू कोरडी, असं करून औषधाला नावं ठेवणारे दर वर्षी भेटतात. सिस्टेमिकने कव्हरेजची थोडी चूक सांभाळली जाते, आळस नाही. उलट दिशेने, म्हणजे पानातून मुळाकडे जाणारी औषधंही आहेत. ती प्रश्न १२ मध्ये.

६. पानांवर मारलेलं सिस्टेमिक घडात उतरतं का?

कामापुरतं उतरत नाही. जिथून बाष्प जास्त जातं तिकडे औषध जातं, आणि बाष्प सोडण्यात पान पुढे, मणी फार मागे. मण्यावर श्वसनरंध्रं मोजकीच, आणि मण्यात पाणी उतरायला लागलं की पाण्याच्या नळ्यांतून मण्यात येणारा ओघही कमी होतो. साखर येते ती दुसऱ्या नळ्यांतून, आणि त्या वाटेने ही औषधं जात नाहीत.

म्हणून घड वाचवायचा तर औषध घडावरच पडलं पाहिजे. दोडा अवस्थेत, म्हणजे फुलं उमलण्याआधी, घड मोकळा असतो, तेव्हा हे सोपं. मणी एकमेकांना टेकले की आतल्या देठापर्यंत थेंब जात नाही. मग पुढे आत भुरी निघते आणि “सिस्टेमिक मारलं होतं हो” असा फोन येतो.

७. पाच दिवसांपूर्वीच सिस्टेमिक मारलं, तरी शेंड्याच्या पानांवर डाऊनी आलीच. माल डुप्लिकेट होता का?

असूही शकतो, पण आधी पानं मोजा. छाटणीनंतरच्या वाढीत फूट झपाट्याने पुढे जाते आणि पाच दिवसांत दोन नवी पानं सहज उघडतात. फवारणीच्या दिवशी ती पानं नव्हतीच. कोवळ्या काडीवर आणि पोंग्यावर पडलेलं औषध थोडंफार वर जातं, पण वाढीबरोबर ते पातळ होत जातं. लेबलावर दहा-बारा दिवसांचं अंतर दिलं असलं तरी ते भिजलेल्या पानांसाठी आहे. बेमोसमी पाऊस आणि जोमाची फूट एकत्र आली की अंतर कमी धरावं लागतं आणि शेंड्याला कॉन्टॅक्टचा हात द्यावा लागतो.

८. ट्रान्सलॅमिनार म्हणजे अर्धं सिस्टेमिक का?

तसं म्हणायला हरकत नाही. वरच्या बाजूला पडलेलं औषध पानाच्या जाडीतून खालच्या बाजूला पोहोचतं, पण पान सोडून बाहेर फारसं जात नाही. डायमेथोमॉर्फ डाऊनीवरचं त्यातलं नेहमीचं नाव; कीटकनाशकांत अबामेक्टिन, लाल कोळीवर वापरतो ते. कोळी पानाखाली बसतो, त्यामुळे तिथे हा गुण पैसा वसूल करतो. काही माहितीपत्रकांत ‘मेसोस्टेमिक’ही वाचाल, विशेषतः ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिनबद्दल. ते पानावरच्या मेणात मुरून बसतं, तिथून थोडं आत आणि थोडं वाफेने आजूबाजूला सरकतं.

विक्रेता या सगळ्यांना एकाच दमात सिस्टेमिक म्हणतो. मीही घाईत म्हणतो.

९. ‘८-६४’ मागितलं की कधी एक पुडा मिळतो, कधी दुसरा. दोन्ही सिस्टेमिकच ना?

मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे एक ८-६४, आणि सायमोक्झॅनिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे दुसरं. आकडे तेच, मॅन्कोझेब तेच, पण आठ टक्केवालं औषध वेगळं. मेटॅलॅक्झिल खऱ्या अर्थाने वर चढणारं आहे आणि झाडात बरेच दिवस राहतं. सायमोक्झॅनिल आजूबाजूला थोडंच सरकतं आणि काही दिवसांतच संपतं. त्याचं काम नुकत्याच शिरलेल्या डाऊनीला गाठायचं. पाऊस होऊन दीड-दोन दिवस झालेत आणि डाग अजून दिसत नाहीत, तेव्हा ते कामाला येतं. पंधरा दिवस निर्धास्त राहण्यासाठी ते नाही.

तेव्हा आकडा सांगून औषध मागू नका, नाव सांगा. बिलावरही नाव लिहून घ्या.

१०. फवारणीनंतर पाऊस आला. सिस्टेमिक होतं, मग परत मारायची गरज नाही ना?

औषध आत शिरायला वेळ मिळाला असेल तर नाही. किती वेळ, ते प्रत्येक उत्पादनाच्या लेबलावर वेगळं असतं. साधारण काही तास धरा. पान कोवळं, हवा दमट, थेंब सावकाश सुकतोय, असं असेल तर शोषण चांगलं होतं. भर दुपारी थेंब मिनिटात वाळला तर निम्मं औषध पानावर भुकटी होऊन राहतं आणि ते पावसात जातं. मिश्रणातला मॅन्कोझेबचा भाग तर पानावरच असतो. जोराच्या सरीने तो धुतला गेला की तुमच्याकडे एकटं सिस्टेमिक उरतं. ते एकटं उरणं धोक्याचं का, ते पुढच्या उत्तरात.

११. पूर्वी हेच औषध एका फवारणीत काम करायचं. आता तीन मारली तरी फरक नाही. कंपनीने माल पातळ केला का?

माल तोच आहे. रोग बदललाय. कॉन्टॅक्ट औषध बुरशीच्या पेशीत अनेक ठिकाणी घाव घालतं. सगळ्या घावांवर एकदम तोड काढणं तिला जमत नाही. सिस्टेमिकला झाडात फिरायचं असतं आणि झाडाला इजा करायची नसते, म्हणून ते बहुधा बुरशीतल्या एकाच नेमक्या जागेवर काम करतं. त्या एका जागेत बदल झालेले थोडे बीजाणू वाचतात, आणि तेच औषध पुन्हापुन्हा मारून आपण त्यांचीच पैदास वाढवतो.

मेटॅलॅक्झिल सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं आणि १९८० सालीच आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या करप्यावर ते निकामी ठरलं. इतक्या लवकर. त्या धक्क्यानंतर १९८१ मध्ये औषध कंपन्यांची ‘फ्रॅक’ ही समिती झाली. तिने प्रत्येक बुरशीनाशकाला गट क्रमांक दिलेत: मेटॅलॅक्झिल ४, ट्रायझोल ३, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनचा गट ११, डायमेथोमॉर्फ ४०. अनेक ठिकाणी घाव घालणाऱ्यांना ‘एम’ अक्षर.

ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं होत नाही. तीन वेगळ्या कंपन्यांचे तीन डबे आणि तिन्ही गट ११, असं फवारणीचं वेळापत्रक मी पाहिलंय, छान वहीत लाल-निळ्या पेनाने लिहिलेलं. डब्याच्या नावाशेजारी गट क्रमांक लिहायची सवय लावा.

बोर्डो जुनाट झालं का, असंही याच ओघात विचारतात. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. त्याच वेलींवर डाऊनी कमी आहे हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जगापुढे मांडलं. इतकी वर्षं झाली, तांब्याला डाऊनी अजून सरावलेली नाही. सिस्टेमिक नसण्याचा हा फायदा.

१२. वरून मारलेलं मुळापर्यंत जाईल असं एकही औषध नाही का?

आहे. फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम. ते झाडात जाऊन फॉस्फोनिक आम्ल होतं, आणि ते साखरेच्या वाटेनेही जातं, पाण्याच्या वाटेनेही. म्हणजे खाली आणि वर, दोन्हीकडे. पोटॅशियम फॉस्फोनेटही याच जातीचं. बुरशीनाशकांत असं दोन्हीकडे फिरणारं औषध विरळा, म्हणून ‘सिस्टेमिक’ या शब्दाला पुरेपूर जागणारं हेच. फोसेटिल तांब्याच्या औषधात मिसळू नका. द्रावण आम्लधर्मी होऊन तांबं मोकळं सुटतं आणि पानं जळतात.

१३. तणनाशकातलं सिस्टेमिक वेगळं असतं का?

शब्द तोच, दिशा उलट. ग्लायफोसेट हिरव्या पानातून शिरतं आणि साखरेबरोबर खाली मुळांच्या गाठींपर्यंत जातं. म्हणून लव्हाळा, हरळी यांवर ते चालतं. पॅराक्वाट कॉन्टॅक्ट, वरचं हिरवं दोन दिवसांत करपतं, खालून पुन्हा फुटतं. ग्लायफोसेटचा परिणाम सावकाश दिसतो, आणि तण कापून लगेच मारलं तर शिरायला पानच नसतं.

बागेतला धोका वेगळाच. एका वर्षी माझ्याच बागेत बांधालगतच्या ओळीत खुंटाला डॉगरीजचे (ज्या जातीच्या खुंटावर द्राक्षाचं कलम करतात तिचे) फुटवे आले होते. गवत समजून माणसाने त्यांच्यावरही नोझल फिरवलं. मीच सांगितलं नव्हतं, दोष माझा. पुढच्या फुटीत त्या झाडांची पानं बोटाएवढी, अरुंद, पंख्यासारखी आवळलेली निघाली. फुटव्यावर पडलेलं औषध वेलीत उतरून बसलं होतं. तण मारण्याआधी फुटवे हाताने काढा आणि नोझलला हूड लावा.

१४. सिस्टेमिकचा अंश द्राक्ष धुतल्यावर निघून जातो का?

वर राहिलेला काही भाग जातो, आत मुरलेला जात नाही. त्यावर इलाज फक्त दिवसांचा, म्हणजे लेबलावरचा काढणीपूर्व कालावधी पाळण्याचा. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या बागांसाठी औषधांची यादी काढतं, त्यात हा कालावधी आणि अंशाची मर्यादा दोन्ही असतात. आपल्याकडे तिला ‘अ‍ॅनेक्शर फाइव्ह’ म्हणतात.

२०१० चा हंगाम इथल्या निर्यातदारांना अजून आठवतो. शेंडा रोखायला वापरलेल्या सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर अडकले. ते बुरशीनाशक नव्हतं, कीटकनाशकही नव्हतं, वाढनियंत्रक होतं. पण झाडात शिरून फिरणारं, म्हणजे सिस्टेमिकच. हा शब्द फक्त रोग-किडीच्या औषधांपुरता धरला की असल्या गोष्टी नजरेतून सुटतात.

१५. डब्यावर सिस्टेमिक कुठे लिहिलेलं असतं? एससी म्हणजे सिस्टेमिक-कॉन्टॅक्ट ना?

एससी म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेली बारीक भुकटी, घट्ट द्रावणाच्या रूपात. डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळायची पावडर, ईसी म्हणजे पाण्यात दुधाळ होणारं तेलकट द्रावण. ही सगळी औषधाच्या रूपाची नावं; ते झाडात फिरतं की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. गंधकही एससीमध्ये मिळतं आणि ते फिरत नाही. रंगीत त्रिकोणही दुसरंच सांगतो: माणसाला विष किती. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरव्या त्रिकोणाचं औषध सिस्टेमिक असू शकतं, लाल त्रिकोणाचं कॉन्टॅक्टही. ‘आंतरप्रवाही’ हा शब्द आतल्या घडीपत्रकात, वापराच्या माहितीत शोधा. चष्मा लागतो.

१६. ड्रिपमधून दिलं तर फवारणी वाचते का?

पिठ्या ढेकणासाठी इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळाशी देतात, ते चढतं. पण मुळं चालू हवीत आणि जमिनीला वाफसा हवा. चिबडलेल्या रानात ते वर येत नाही. रोगांसाठी फवारणीला ही पळवाट नाही. घडाचं कारण प्रश्न ६ मध्ये दिलंय.

द्राक्षाच्या शेजारी कांद्याचे डोंगळे लावले असतील तर जपा. सिस्टेमिक कीटकनाशक फुलातल्या मधात आणि परागातही उतरतं, आणि कांद्याचं बी मधमाशीशिवाय भरत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह अशा तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांपायीच. डोंगळ्याला फूल असताना तुडतुड्यावर किंवा फुलकिड्यावर असलं औषध मारणं म्हणजे बियाणाचे पैसे हाताने घालवणं.

१७. डॉक्टर आणि बँकवालेही सिस्टेमिक म्हणतात. तो शब्द वेगळा का?

मूळ एकच. एका जागेपुरतं न राहता सबंध व्यवस्थेत पसरणारं. डॉक्टरांच्या लेखी ती व्यवस्था म्हणजे शरीर, बँकेच्या लेखी देशाचा पैशाचा व्यवहार. रिझर्व्ह बँक स्टेट बँक, आयसीआयसीआय आणि एचडीएफसी या बँकांना ‘सिस्टेमिकली’ महत्त्वाच्या म्हणते, कारण त्या कोसळल्या तर झळ सगळीकडे लागेल. तिथे हा शब्द धोक्याचा, आपल्याकडे कौतुकाचा.

१८. एका जैविक औषधाच्या बाटलीवर ‘सिस्टेमिक रेझिस्टन्स’ वाढवतं असं लिहिलंय. म्हणजे ते सिस्टेमिक आहे का, की रोग त्याला दाद देणार नाही?

दोन्ही नाही, आणि हा शब्दप्रयोग खरंच फसवा आहे. प्रश्न ११ मधला रेझिस्टन्स बुरशीचा होता, हा झाडाचा. कायटोसॅनसारखा पदार्थ पानावर पडला की झाडाला हल्ला झाल्यासारखं वाटतं. ते आत निरोप धाडतं आणि न भिजलेली पानंही सावध होतात. फिरतो तो निरोप, औषध पानावरच राहतं. निरोप पोहोचायला आणि झाडाला तयारी करायला काही दिवस लागतात, म्हणून हे रोग दिसल्यावर मारायचं नाही, आधी मारायचं. तेलकट डाग दिसू लागल्यावर ही बाटली मागितलीत तर मी ती परत रॅकवर ठेवतो आणि आधी पानाचा, खालच्या बाजूचा, फोटो मागतो.